बाळ पितंय, पण पोटात जातंय का?

बाळ सकाळपासून छातीला आहे. अर्धा तास पितं, डोळा लागतो, खाली ठेवलं की दहाव्या मिनिटाला पुन्हा टाहो. दुपारपर्यंत घरात तीन निदानं झालेली असतात. सासूबाईंच्या मते दूध पातळ आहे. आईच्या मते अळीव कमी पडलाय. शेजारच्या काकू सरळ सांगतात, "वरचं सुरू करा, लेकरू उपाशी मरंल." संध्याकाळी कुणीतरी मेडिकलमधून डबा आणतं, बाळ बाटलीभर पिऊन तीन तास झोपतं आणि बाळंतिणीच्या अंगाला दूध नाही यावर शिक्कामोर्तब होतं.

गंमत अशी की त्याच वेळी तिची छाती दाटून दुखत असते आणि ब्लाउज भिजत असतो. म्हणजे दूध आहे. बाळ तासन् तास पितं आहे. तरीही ते उपाशी आहे. हे कसं?

बहुतेक वेळा या कोड्याचं उत्तर आईच्या ताटात सापडत नाही, बाळाच्या तोंडात सापडतं. म्हणूनच मदत मागायची तर "दूध वाढायला काय खाऊ?" असं विचारून भागत नाही. "मी पाजत असताना बघाल का?" असं विचारावं लागतं.

पान्हा कसा फुटतो

आंदर मावळात, नाणे मावळात किंवा पवनेच्या खोऱ्यात ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे, त्यांना यातला अर्धा धडा आधीच पाठ असतो. पारडू ढुशी मारून चोखू लागलं की म्हैस पान्हवते. धारेला परका माणूस बसला की ती दूध चोरते. आणि चार दिवस सड नीट रिकामे केले नाहीत, तर ती आटते. पेंड कितीही घाला.

माणसात हेच काम दोन संप्रेरकं करतात. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप. बाळ चोखू लागलं की स्तनाग्रातून मेंदूला संदेश जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते. ते दूध बनवायला लावतं. रात्री त्याचं प्रमाण अधिक असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवलेलं महागात पडतं. दुसरं ऑक्सिटोसिन. ते दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं आणि साठलेलं दूध पुढे ढकलतं. हाच पान्हा. दुखणं, धास्ती, "याला काही मिळतंय का?" असं डोक्यावर उभं राहून विचारणारं माणूस, यांनी ऑक्सिटोसिन अडतं. दूध असूनही उतरत नाही.

तिसरी गोष्ट कमी माहितीची आहे. स्तन भरलेलाच राहिला तर दूध बनवणाऱ्या पेशींना आतूनच थांबण्याचा इशारा मिळतो. रिकामा झाला की वेग वाढतो. म्हणजे मागणी बाळानं नोंदवायची आणि स्तनानं ती पुरवायची. आता डब्याचं काय होतं पाहा. वरचं दूध पिऊन बाळ तीन तास झोपलं, एक पाजणं हुकलं, स्तन भरलेला राहिला, उद्याचं दूध थोडं घटलं. उद्या बाळ अधिक रडणार आणि बाटली मोठी होणार. आठवड्याभरात शेजारच्या काकूंचं म्हणणं खरं ठरतं, आणि ते खरं करायला डब्यानंच हातभार लावलेला असतो.

अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा यांना माझा विरोध नाही. पाजणाऱ्या बाईला भूक जास्त लागते, पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज साधारण ६०० कॅलरी जादा लागतात, आणि लाडूतून त्या छान मिळतात. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ती पद्धत मात्र सोडलेली बरी. पण बाळ नीट चोखत नसेल तर लाडवांचा डबा संपला तरी छाती रिकामी होणार नाही.

टाळूचा मऊ भाग

आपली जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि हळूहळू मागे सरकवा. आधी खडबडीत, टणक टाळू लागेल. आणखी मागे गेलात की एकाएकी मऊ भाग लागतो. पिणाऱ्या बाळाच्या तोंडात स्तनाग्र त्या मऊ भागाजवळ पोचायला हवं. त्यासाठी भोवतालच्या काळ्या भागाचा, विशेषतः खालच्या बाजूचा, मोठा घास बाळाच्या तोंडात जावा लागतो.

बाळानं फक्त बोंड धरलं तर ते टणक टाळू आणि जीभ यांच्यामध्ये रगडलं जातं. आईला कळ येते, चिरा पडतात, रक्तही येतं. बाळानं सोडल्यावर स्तनाग्र एका बाजूनं तिरकं, चपटलेलं आणि टोकाला पांढुरकं दिसतं. दूध मात्र थेंबाथेंबानं येतं. बाळ थकून झोपतं, पोट न भरता. तासाभराच्या पाजण्याचं रहस्य हे. "सुरुवातीला दुखतंच, सहन करायचं" हा सल्ला घराघरात दिला जातो. पहिले काही दिवस थोडं हुळहुळणं वेगळं. प्रत्येक वेळी दात-ओठ खाऊन पाजावं लागणं म्हणजे पकड चुकल्याची खूण आहे.

चांगली पकड कशी दिसते? डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हातावर घेतात. तळहात मानेखाली आणि खांद्यांमागे, डोक्यावर दाब नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. स्तनाग्र बाळाच्या ओठांसमोर नसतं, नाकासमोर असतं. त्यामुळे बाळ मान किंचित मागे करतं, मोठा आ वासतं, आणि त्याच क्षणी हनुवटी आधी टेकवून त्याला जवळ ओढायचं. वाकायचं आईनं नाही, बाळाला वर आणायचं. मग खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, हनुवटी छातीत रुतलेली असते, नाक मोकळं असतं. सुरुवातीचं भराभर चोखणं थांबून संथ, खोल घोट सुरू होतात. हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, 'क' असा बारीक आवाज येतो. तो गिळल्याचा. हा आवाज ऐकू येतो का, एवढं तपासलं तरी निम्मं निदान होतं.

मुंबईच्या आयआयटीत काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी तिथल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून ही पद्धत दाखवणारे मोफत व्हिडिओ तयार केले आहेत, मराठीतही आहेत. बाळंतपणाआधी पाहून ठेवावेत. नंतर वेळ कुणाला असतो!

सुट्टी मिळते आणि दूध उतरतं

वार उदरात असते तोवर तिच्यातलं प्रोजेस्टेरॉन दुधाचा ओघ रोखून धरतं. वार पडली की ते घसरतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान छाती भरते. सिझेरियननंतर थोडा उशीर होऊ शकतो. तोवर येतो तो पिवळसर चीक, एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा. नवजात बाळाचं पोट तेवढंच मागतं. तो चीक काढून टाकून मध किंवा गुटी चाटवणं हा दुहेरी तोटा: बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, आणि मधातून क्वचित गंभीर विषबाधा होते. वर्षाच्या आत मध नाहीच.

आता दिनदर्शिका बघा. साध्या बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून सुट्टी होते. म्हणजे छाती भरून येणं, दाटणं, चिरा पडणं, बाळ न लागणं हे सगळं नेमकं घरी पोचल्यावर सुरू होतं, जेव्हा जवळ सिस्टर नाही आणि पाहुण्यांची रीघ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली दहापैकी नऊहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र निम्म्याहून थोडीच अधिक आहेत. दवाखान्यात बाळंत होणं आणि पाजायला शिकवणारं माणूस मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यातून बाळाचं वजन पहिल्या दिवसांत घटतंच. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत घट नेहमीची समजतात. त्यापुढे गेली तर पाजणं कुणाला तरी दाखवावं, आणि १० टक्क्यांवर डॉक्टर हवेच. तीन किलोच्या बाळाचे ३०० ग्रॅम म्हणजे १० टक्के. दहा-चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत यायला हवं आणि पुढे रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढायला हवं.

घरी काटा नसेल तर लंगोट मोजायचे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि पिवळी, पातळ शी, म्हणजे दूध पोटात जातंय. लोणावळ्यात जुलैत बाळंत झालेल्या बाईला हे मोजणं सोपं जात नाही. धो धो पावसात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, दुपटी दांडीवर दमट लटकलेली, म्हणून घरात डायपर येतो. डायपर किती भिजला हे वरून कळत नाही. अशा वेळी आत एक मऊ फडकं घालावं, किंवा कोरड्या आणि ओल्या डायपरचं वजन हातात तोलून पाहावं. विटकरी रंगाचा डाग पहिल्या दोन-तीन दिवसांनंतरही दिसत राहिला, तर दूध कमी जातंय.

सर्वांत फसवं असतं ते शांत बाळ. "काय गुणी आहे, रडतच नाही, पाच-पाच तास झोपतं!" पहिल्या पंधरवड्यात या कौतुकानं सावध व्हावं. नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. उपाशी बाळ आधी रडतं, नंतर रडायचीही ताकद संपते. उलट, दोन-तीन आठवड्यांचं बाळ संध्याकाळी दर अर्ध्या तासाला पिऊ लागलं, किंवा सहाव्या आठवड्यानंतर छाती मऊ पडली, तर घाबरायचं कारण नाही. ते वाढीचं आणि मागणी-पुरवठा जुळल्याचं लक्षण आहे. पंपानं तीसच मिली आलं म्हणून दूध कमी, हाही चुकीचा हिशेब. पंप म्हणजे बाळ नव्हे.

मावळात कुणाला हाक मारायची

पहिली हाक आशाताईला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहायचं असतं. वजन करायचं, ताप बघायचा, पाजताना निरीक्षण करायचं. ही पद्धत दिल्लीतल्या कार्यालयात सुचलेली नाही, ती आपल्या गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे २०११ मध्ये देशभर योजना झाली.

गोची होते ती माहेरच्या बाळंतपणात. नोंद सासरच्या गावी कामशेतजवळ आणि बाळंतीण माहेरी टाकव्याच्या पुढे. दोन्ही गावांच्या आशांना वाटतं, दुसरी बघत असेल. म्हणून माहेरी पोचल्या दिवशी तिथल्या आशाला निरोप द्यावा. ती आली की संवाद साधारण असा होतो:

"ताई, दूधच नाही हो येत."

"वहिनी, कालपासून लंगोट किती भिजले?"

हा प्रश्न विचारणारी आशा कामाची. "डबा आणा" म्हणणारी असेल तर पुढची पायरी गाठा: उपकेंद्राच्या सिस्टर, मग कार्ला, खडकाळे किंवा टाकव्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यापुढे कान्हे फाट्याचं सरकारी रुग्णालय, आणि तळेगाव दाभाड्यात मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय, जिथे बालरोग विभाग आहे. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि पुण्याचं ससून लोकलच्या मार्गावरच आहेत. मात्र शनिवार-रविवारी पावसाळी पर्यटकांनी रस्ता तुंबतो, तेव्हा आजारी बाळाला घेऊन सोमवारची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा. आई आणि तान्ह्या बाळाची ने-आण करणारी सरकारी गाडी १०२ वर मिळते.

खासगीत 'लॅक्टेशन कन्सल्टंट' अशी पाटी पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात आता दिसते. पाटी कुणालाही लावता येते, म्हणून शिक्षण विचारावं. १९८५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाची परीक्षा दिलेल्यांच्या नावापुढे आयबीसीएलसी ही अक्षरं असतात. भारतातही प्रशिक्षित समुपदेशक तयार होतात. बालरोगतज्ज्ञ आजार उत्तम ओळखतील, पण प्रत्येकानं पाजण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असतंच असं नाही. घाटमाथ्यावरच्या गावातून जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवरही पकड बऱ्यापैकी दिसते. बाळाचं वजन मात्र कॅमेऱ्यात दिसत नाही.

जाणकार माणूस काय करतं

आधी विचारतं: बाळंतपण कसं झालं, रक्तस्राव किती झाला, थायरॉइड आहे का, छातीवर शस्त्रक्रिया झाली होती का. कारण काही थोड्या बायकांना खरोखर दूध कमी येतं. वारेचा तुकडा आत राहिला असेल तरीही दूध उतरत नाही, आणि त्याचा इलाज वेगळाच. मग बाळाला उघडं करून वजन. तोंडात बोट घालून टाळू आणि जिभेखालचा पडदा तपासणं. जीभ खाली बांधल्यासारखी असेल तर बाळाला घास धरता येत नाही.

त्यानंतरचं काम म्हणजे बसून बघणं. एक पूर्ण पाजणं, सुरुवातीपासून बाळ आपणहून सोडेपर्यंत. बहुतेकदा बदल क्षुल्लक दिसतो: पाठीला उशी, बाळाचं अंग आणखी वळवलं, हनुवटी बोटभर खाली. आणि आईचे आवळलेले खांदे सैल पडतात. नेमक्या काट्यावर पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करून किती दूध गेलं तेही काढता येतं.

बाळ बरंच घटलेलं असेल तर जाणकार व्यक्ती हट्ट धरत नाही. आधी बाळाचं पोट भरायचं: हातानं काढलेलं आईचं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, आणि लागलंच तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही दिवस वरचंही. सोबत दिवसातून आठेक वेळा दूध काढायचं, म्हणजे मागणी टिकते. पुढच्या वजनाची तारीख ठरवून दिली जाते. तारीख न देणारा सल्ला अर्धवट समजावा.

┌─────────────────
चौकट: आजच दाखवा, उद्यावर टाकू नका

बाळ: पिण्यासाठी उठतच नाही, मलूल आहे. चोवीस तासांत सहापेक्षा कमी ओले लंगोट (पाचव्या-सहाव्या दिवसानंतर). अंग तापलेलं किंवा गार पडलेलं. कावीळ पोटापर्यंत, हातापायांपर्यंत उतरलेली. वजन १० टक्क्यांहून अधिक घटलेलं.

आई: थंडी-ताप आणि छातीचा एक भाग लाल, गरम, दुखरा. पाजणं थांबवू नये, गाठ जोरात चोळू नये, थंड पट्टी ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावं. सतत रडू येणं, झोप उडणं, बाळाविषयी भलतेसलते विचार येणं, हेही सांगायचंच आहे.

औषध: कुणी गोळ्यांमुळे दूध बंद करायला सांगितलं तर "याला पर्याय आहे का?" हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा असतो.
└─────────────────

डबा आणि कायदा

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा पुढेही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. डब्याच्या दुधाला वैद्यकीय जागा आहे, पण त्याची जाहिरात भारतात करता येत नाही. १९९२ च्या कायद्यानं दूध-पर्याय आणि बाटल्या यांच्या जाहिराती आणि मोफत नमुने बंद केले, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यावर लक्ष ठेवणारी बीपीएनआय ही संघटना १९९१ साली आपल्या वर्ध्यातच जन्मली. दवाखान्यात कुणी विशिष्ट डब्याचा नमुना हातात दिला तर तो सल्ला नाही, कायदेभंग आहे. कमी दिवसांच्या, अशक्त बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूध साठवणारी आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. ससूनमध्येही अशी पेढी आहे.

कामावर परतताना

तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत, लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि चिक्कीच्या दुकानांत कामाला जाणाऱ्या आयांचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वेगळ्या रूपानं परत येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या मिळतात. रोजंदारीवरच्या बाईला यातलं फारसं काही मिळत नाही, हे उघड आहे. तिच्यासाठी हातानं दूध काढण्याचं कौशल्य कायद्यापेक्षा उपयोगी. हात स्वच्छ धुऊन, काळ्या भागाच्या मागे बोटं ठेवून, छातीच्या दिशेनं दाबून मग बोटं जवळ आणायची, बोंड ओढायचं नाही. काढलेलं दूध उकळलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात घरात चार तास, फ्रीजच्या आतल्या बाजूला चोवीस तास ठेवता येतं. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं धरून, गॅसवर नाही. एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष असेल तर तिथे बसून दूध काढता किंवा पाजता येतं. साठवलेलं दूध आजीनं वाटीनं कसं पाजायचं, याचा सराव कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावा, आणि आशाताई घरी येईल त्या दिवशी आजीलाही जवळ बसवावं.